गळा किती अरुंद, आणि किती लांब? तुको-तुकोच्या जनुकांत दडलेला दहा हजार वर्षांचा हिशेब

मागच्या वेळी आपण जनुकीय वैविध्य म्हणजे काय ते पाहिलं होतं. एकाच जातीतल्या दोन प्राण्यांचा डीएनए शेजारी शेजारी ठेवला तर अक्षरांत जो फरक दिसतो, त्या फरकांची बेरीज म्हणजे वैविध्य, इतकं लक्षात असलं तरी आज पुरे. आजचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. एखाद्या जातीची संख्या अचानक घटली तर तिच्या जनुकांत नेमकं काय होतं? आणि ते झालं होतं हे हजारो वर्षांनी आपल्याला कसं कळतं?

त्यासाठी आपण दक्षिण अमेरिकेतल्या एका जमिनीखाली राहणाऱ्या कृंतकाकडे, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्याकडे जाणार आहोत. वाघ, चित्ता सोडून हा बिळातला प्राणी कशाला, असं कुणालाही वाटेल. कारण सोपं आहे. या एका छोट्या प्राण्याच्या बाबतीत जुन्या हाडांतला डीएनए, आजच्या प्राण्यांचा डीएनए आणि एका ज्वालामुखीच्या आधीचे व नंतरचे नमुने अशा तिन्ही गोष्टी हाताशी आहेत. असा योग क्वचित जुळतो.

प्राणी कोण?

या प्राण्याचं नाव तुको-तुको. बिळातून तो जो आवाज काढतो त्यावरूनच हे नाव पडलं. चार्ल्स डार्विनने बीगल जहाजावरच्या प्रवासात त्याची नोंद केली आहे. शास्त्रीय भाषेत या प्रजातीला टेनोमिस म्हणतात, आणि तिच्यात साठाहून जास्त जाती मोजल्या जातात. दिसायला बरेचसे सारखे: आखूड शेपूट, लहान डोळे, पुढे आलेले नारिंगी दात, मजबूत पंजे. पण पेशीत डोकावलं तर चक्रावून जायला होतं. एका जातीत गुणसूत्रं फक्त १०, तर दुसरीत ७०! बाहेरून भाऊ-भाऊ, आतून इतका फरक.

बहुतेक तुको-तुको एकलकोंडे असतात. एक बीळ, एक प्राणी. त्याला ठळक अपवाद आहे टेनोमिस सोशियाबिलिस, म्हणजे समूहाने राहणारा तुको-तुको. पिअर्सन आणि क्रिस्टी या अभ्यासकांनी १९८५ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. अर्जेंटिनाच्या नेउकेन प्रांतात, अँडीज पर्वताच्या पूर्वेला, लिमाय नदीच्या पश्चिम बाजूच्या गवताळ पट्ट्यांत तो राहतो. त्याचा सगळा मुलूख हजार चौरस किलोमीटरपेक्षाही लहान. म्हणजे एखाद्या तालुक्याएवढ्या जागेत एक अख्खी जात.

नदीच्या पलीकडे, पूर्वेला, त्याचा चुलतभाऊ राहतो: टेनोमिस हायगी. हा नेहमीसारखा एकटा राहणारा, आणि बराच जास्त पसरलेला. मध्ये एक नदी, अलीकडे एकत्र कुटुंब, पलीकडे एकेकट्याचा संसार. तुलना करायला यापेक्षा चांगली जोडी कुठे मिळणार? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या एलीन लेसी यांनी या दोन्ही जातींचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे.

डोकी मोजून संख्या का कळत नाही

समूहाने राहणाऱ्या तुको-तुकोच्या बिळात साधारण एक प्रौढ नर असतो आणि एक किंवा अनेक माद्या. बऱ्याच माद्या जन्मल्या त्याच बिळात राहतात, त्यामुळे एका बिळातल्या माद्या एकमेकींच्या आई, मुली, बहिणी असतात. पिल्लं एकाच घरट्यात वाढतात. नर मात्र जन्माचं घर सोडून जातात.

आता इथे लोकसंख्या जनुकशास्त्रातली एक महत्त्वाची कल्पना येते. तिला 'प्रभावी संख्या' म्हणतात. समजा, एका कुरणात १०० प्रौढ प्राणी आहेत. त्यात ५० नर आणि ५० माद्या असतील आणि सगळ्यांना सारखी संधी असेल, तर प्रभावी संख्याही १००. पण प्रजननात २० नर आणि ८० माद्याच भाग घेत असतील तर? गणित असं आहे: नर गुणिले माद्या गुणिले चार, भागिले एकूण. म्हणजे २० गुणिले ८० गुणिले ४, भागिले १००. उत्तर ६४. कुरणात डोकी १०० दिसतात, पण जनुकांच्या दृष्टीने तिथे ६४च प्राणी आहेत. कारण पुढच्या पिढीची अर्धी जनुकं त्या २० नरांकडूनच येणार.

त्यातून एका बिळातल्या माद्या एकमेकींच्या नात्यातल्या असल्या तर त्यांच्याकडे जनुकांच्या प्रतीही बऱ्याच सारख्या. लेसी यांनी २००१ मध्ये दोन्ही जातींची तुलना प्रसिद्ध केली. समूहाने राहणाऱ्या जातीत वैविध्य एकट्या राहणाऱ्या जातीपेक्षा कमी निघालं. वरवर पाहिलं तर कोडं सुटलं: समूहजीवन, म्हणून प्रभावी संख्या लहान, म्हणून वैविध्य कमी. पण हे उत्तर पुरेसं आहे का? आज वैविध्य कमी आहे एवढ्यावरून ते कधी कमी झालं हे कळत नाही. ते कायमच कमी होतं की कधीतरी भरपूर होतं आणि मग गेलं? त्यासाठी भूतकाळातले प्राणीच तपासायला हवेत.

घुबडांनी जपलेला दप्तरखाना

भूतकाळातले प्राणी मिळाले ते घुबडांच्या कृपेने. घुबड उंदीर गिळतं, मांस पचवतं, आणि केस व हाडं यांची गोळी करून ओकून टाकतं. आपल्याकडच्या गव्हाणी घुबडाच्या वस्तीखाली अशा गोळ्या कुणीही पाहू शकेल. पॅटागोनियातल्या गुहांमध्ये घुबडांनी हेच काम हजारो वर्षं केलं. थरावर थर साचले. खालचा थर जुना, वरचा नवा. रेडिओकार्बन पद्धतीने थरांचं वय काढता येतं, आणि थंड, कोरड्या गुहेत हाडांतला डीएनए टिकूनही राहतो.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एलिझाबेथ हॅडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी हाडं तपासली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात सुमारे हजार वर्षांच्या थरांतले नमुने होते. निष्कर्ष: त्या संपूर्ण काळात समूहजीवी तुको-तुकोमध्ये जवळजवळ काहीच वैविध्य नाही. आजचे प्राणी आणि हजार वर्षांपूर्वीचे प्राणी, सगळे जणू एकाच छापाचे.

मग त्राफुल भागातल्या गुहेतले जुने थर तपासले गेले. हे थर दहा हजार वर्षांपर्यंत मागे जातात. २००५ मध्ये य्वोन चॅन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्या जुन्या काळात याच जातीत वैविध्य होतं. ते गेल्या तीनेक हजार वर्षांत हरवलं. म्हणजे ही जात जन्मजात 'गरीब' नव्हती, ती गरीब झाली. समूहजीवन हे एकटं कारण पुरत नाही, कुठेतरी संख्येची मोठी घसरण झाली असली पाहिजे. अशा घसरणीला बॉटलनेक म्हणतात, कारण बाटलीच्या गळ्यातून थोडेच मणी बाहेर पडावेत तसं होतं.

घसरण केवढी, आणि कधी?

इथे एक शंका यायला हवी. हाडांवर काही लोकसंख्या लिहिलेली नसते. मग आकडा काढायचा कसा?

युक्ती अशी. संगणकात एक काल्पनिक जात तयार करायची. तिची सुरुवातीची संख्या, घसरणीचा काळ आणि नंतरची संख्या हे तिन्ही आकडे मनाने ठरवायचे. पिढ्या पुढे सरकवायच्या आणि शेवटी त्या काल्पनिक जातीतलं वैविध्य, वेगवेगळ्या काळांत, कसं दिसतं ते पाहायचं. मग आकडे बदलून पुन्हा. असं अक्षरशः असंख्य वेळा. यातल्या ज्या कहाण्यांचा शेवट गुहेतल्या खऱ्या डीएनएशी जुळतो त्या ठेवायच्या, बाकीच्या फेकून द्यायच्या. उरलेल्या कहाण्यांमध्ये जे आकडे वारंवार दिसतात ते आपला अंदाज.

चॅन, अँडरसन आणि हॅडली यांनी २००६ मध्ये हे केलं. त्यांचा अंदाज: माद्यांची प्रभावी संख्या ९५,२३१ वरून ३०० पेक्षाही खाली आली, आणि हे घडलं आजपासून सुमारे २,८९० वर्षांपूर्वी. ९९.७ टक्के घट. आकडे इतके नेमके वाटतात म्हणून एक गोष्ट सांगायला हवी: प्रत्येक आकड्याभोवती शक्यतांचा एक मोठा पट्टा असतो. ९५,२३१ हा त्या पट्ट्यातला मधला मुक्काम आहे, शिरगणती नव्हे. आणि 'माद्यांची' संख्या का? तर त्यांनी वाचलेला डीएनए मायटोकॉन्ड्रियातला, शाळेच्या पुस्तकात जिला तंतुकणिका म्हणतात तिच्यातला. तो फक्त आईकडून येतो. वडिलांचा हिशेब त्यात नाहीच.

अरुंद गळा आणि लांब गळा

आता आजच्या विषयाचा गाभा. बॉटलनेक म्हटलं की आपल्या मनात येतं, 'संख्या फार घटली म्हणजे वैविध्य लगेच संपलं.' तसं होत नाही. हिशेब करून पाहू.

नियम असा आहे की प्रत्येक पिढीत वैविध्याचा एक हिस्सा निव्वळ योगायोगाने गळतो, आणि तो हिस्सा म्हणजे एक भागिले प्रभावी संख्येची दुप्पट. दुप्पट अशासाठी, की प्रत्येक प्राण्याकडे जनुकाच्या दोन प्रती असतात. समजा, एका जातीचे फक्त १० प्राणी उरले. एका पिढीत किती वैविध्य गेलं? एक भागिले वीस, म्हणजे ५ टक्के. ९५ टक्के शिल्लक! फार दुर्मिळ असलेले प्रकार मात्र पहिल्याच फटक्यात जातात. शंभर प्राण्यांत एखाद्याकडेच असलेला प्रकार त्या दहांत असण्याची शक्यता कमीच. तरीही संख्या लगेच सावरली तर बरंचसं वैविध्य वाचतं.

आता दुसरं उदाहरण. प्रभावी संख्या ५०, पण ती सावरलीच नाही, १०० पिढ्या तशीच राहिली. दर पिढीला फक्त १ टक्का गळती. ऐकायला किरकोळ. पण चक्रवाढ व्याजाचं गणित उलटं चालवा: शंभर पिढ्यांनी उरतं सुमारे ३७ टक्के. पहिल्या उदाहरणात गळा फार अरुंद होता पण आखूड. दुसऱ्यात गळा जरा रुंद, पण लांबच लांब. जास्त नुकसान दुसऱ्याने केलं.

हेच तुको-तुकोला लावू. मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएची प्रत एकच आणि ती फक्त माद्यांकडून, म्हणून गळती दर पिढीला एक भागिले माद्यांची प्रभावी संख्या. ती ३०० धरू. एक पिढी दोन वर्षांची धरली तरी २,८९० वर्षांत साधारण १,४४५ पिढ्या होतात. जुन्या वैविध्यातलं किती उरेल? एक टक्काही नाही. गुहेतल्या वरच्या थरांत आणि आजच्या प्राण्यांत नेमकं हेच दिसतं. या जातीची खरी कथा एका वाईट वर्षाची नाही. घसरल्यानंतर तीन हजार वर्षं ती पुन्हा वर आलीच नाही, ही आहे.

ज्वालामुखी: आपोआप झालेला प्रयोग

४ जून २०११ रोजी चिलीमधला पुयेउए-कोर्दोन काउये हा ज्वालामुखी उसळला. वारे पश्चिमेकडून, त्यामुळे राख सीमा ओलांडून अर्जेंटिनात आली. बारिलोचेचा विमानतळ बंद पडला, आणि राखेचे ढग पृथ्वीला वळसा घालून ऑस्ट्रेलियापर्यंत पोचल्यावर तिथलीही विमानं थांबली. लिमायच्या दोन्ही काठांवरची गवतं राखेखाली गाडली गेली. गवत खाऊन, दातांनी माती खणून जगणाऱ्या प्राण्यासाठी याचा अर्थ काय ते सांगायला नको. ज्वालामुखीची राख म्हणजे चुलीतली राख नव्हे, ती काचेची बारीक भुकटी असते.

पण अभ्यासकांकडे स्फोटापूर्वीचे नमुने होते. स्फोटानंतर लगेच नवे नमुने घेतले गेले. आधी आणि नंतर, दोन्ही हातात. सुरुवातीची तपासणी मायक्रोसॅटेलाइटवर झाली. डीएनएत काही ठिकाणी दोन-चार अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, एखादा शब्द अडखळत उच्चारावा तशी. ती किती वेळा येतात हे प्राण्या-प्राण्यात बदलतं, म्हणून ओळख पटवायला ही ठिकाणं सोयीची. निकाल विचित्र आला. एकट्या राहणाऱ्या जातीत काही बदल नाही, आणि समूहजीवी जातीत वैविध्य चक्क वाढलेलं!

आपत्तीनंतर वैविध्य वाढलं? याला एक स्पष्टीकरण सुचतं: वस्त्या उद्ध्वस्त झाल्या, वाचलेले इकडून तिकडे गेले, नवं रक्त मिसळलं. पटण्यासारखं आहे. पण पटण्यासारखं असणं आणि खरं असणं यात अंतर असतं. २०१७ मध्ये जेरेमी श्यू, एलीन लेसी, एलिझाबेथ हॅडली आणि सहकाऱ्यांनी तेच प्रकरण पुन्हा उघडलं. या वेळी मोजक्या ठिकाणांऐवजी जनुकसंचातले २,००० हून जास्त भाग वाचले, आणि तेही असे की ज्यांवर निवडीचा दाब नसावा. निकाल उलटला. दोन्ही जातींत वैविध्य कमी झालं होतं: घट लहान, पण निश्चित.

हे कसं? गावात चार घरं विचारून पावसाचा अंदाज घ्या आणि दोन हजार घरं विचारून घ्या. चार घरांचं उत्तर खोटं नसतं, पण त्यात योगायोगाचा वाटा मोठा असतो. बदल मोठा असेल तर चार घरंही सांगतील. बदल लहान, नुकताच झालेला असेल तर तो योगायोगाच्या गोंगाटात बुडून जातो, किंवा उलट दिशेचा भासतो. आपण वर केलेल्या गणितातूनही हेच निघतं: गळा आखूड असेल तर घट लहानच असणार. ती पकडायला बारीक चाळण लागते.

या अभ्यासाच्या लेखकांत उमा रामकृष्णन यांचंही नाव आहे. बंगळूरच्या नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेसमध्ये भारतीय वाघांच्या जनुकांवर काम करणाऱ्या त्याच. तुको-तुको आणि वाघ यांत साम्य काहीच नाही, पण प्रभावी संख्या, गळती, गळ्याची लांबी हे गणित दोघांना सारखंच लागू पडतं. दोन जंगलांमधला जोडपट्टा तुटला तर वाघ त्याच दिवशी मरत नाहीत. गळा लांबायला सुरुवात होते.

एक प्रश्न

श्रोत्यांतून एक चिठ्ठी आली आहे: 'वैविध्य नसताना ही जात दोन हजारांहून जास्त वर्षं जगली ना? मग वैविध्याची एवढी चिंता कशाला?'

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर दोन भागांत द्यावं लागेल. पहिला भाग: हो, ती जगली. कमी वैविध्य म्हणजे ठरलेलं मरण, असं कुणी सांगत असेल तर तुको-तुको हा त्याविरुद्धचा पुरावा आहे. शिवाय सगळी जनुकं सारखी गळत नाहीत. रोगप्रतिकाराशी संबंधित एमएचसी जनुकांवर हॅम्बुख आणि लेसी यांनी २००२ मध्ये काम प्रसिद्ध केलं. एकट्या राहणाऱ्या जातीशी तुलना करता, समूहजीवी जातीत या जनुकांचं वैविध्य टिकवणारी निवड जास्त जोरकस असल्याच्या खुणा त्यांना मिळाल्या. एका घरट्यात दाटीने राहणाऱ्यांमध्ये रोग लवकर पसरतो, तेव्हा हे तर्काला धरून आहे.

दुसरा भाग: आपण वाचलेल्याची साक्ष काढतो आहोत. ज्या जाती अशाच गळ्यात अडकल्या आणि संपल्या त्या आज आपल्यासमोर मोजायला नाहीत. महापुरातून पोहून आलेल्या एकाला विचारून 'पुराला भिऊ नये' असा निष्कर्ष काढता येत नाही. आणि ही जात जगली ती एका तालुक्याएवढ्या जागेत, जिथलं हवामान, गवत, शेजारी तिच्या ओळखीचे आहेत. नवा रोग आला, गवत बदललं, तर निवड करायला हाताशी पर्याय हवेत. पर्याय म्हणजेच वैविध्य. ते गेलं की परत येतं ते फक्त नव्या उत्परिवर्तनांतून, आणि त्याला हजारो पिढ्या लागतात.

म्हणून एखाद्या प्राण्याची संख्या घटल्याची बातमी वाचली की 'किती उरले?' हा प्रश्न आपण विचारतोच. त्याला आणखी दोन प्रश्न जोडायला हवेत: उरलेल्यांपैकी प्रजननात भाग घेणारे किती? आणि ही अवस्था किती पिढ्या चालणार? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा आपल्या हातात असतं, कारण संख्या लवकर वाढू देणं, तुटलेल्या वस्त्या पुन्हा जोडणं हे करता येण्यासारखं आहे. तीन हजार वर्षांपूर्वी लिमायच्या काठावर ते करणारं कुणी नव्हतं.

पुढच्या वेळी आपण याच प्राण्याचा दुसरा प्रश्न घेऊ: १० गुणसूत्रांपासून ७० गुणसूत्रांपर्यंतचा पसारा एकाच प्रजातीत कसा झाला, आणि लहान लहान वस्त्यांचा त्यात काय हात असू शकतो. आज इथेच थांबू या.